वाचनालयाचा डेटाबेस कंटेनरमध्ये चालवताना

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. ‘ब’ वर्गाचं, सरकारी अनुदान मिळणारं. पुस्तकांचे दाखल क्रमांक, देवघेव, सभासदांची वर्गणी आणि अनामत, अभ्यासिकेतल्या मुलांची हजेरी हे सगळं पूर्वी वह्यांत असायचं. गावातल्याच एका तरुणानं त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. एक पैसा घेतला नाही. पुढे त्याला बाहेरगावी नोकरी लागली. मी कॉलेजात संगणक शिकवते आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, म्हणून देखभालीचं काम माझ्याकडे आलं.

वाचनालयात चार जीबी रॅमचा एक डेस्कटॉप आहे. त्यावर उबुंटू आहे आणि डॉकर. डॉकरमध्ये दोन कंटेनर चालतात. एकात तो प्रोग्रॅम, दुसऱ्यात पोस्टग्रेस डेटाबेस. ही मांडणी चांगली आहे असं मला आजही वाटतं. डेटाबेस बसवायला वेगळी खटपट लागत नाही. संगणक बदलला तरी एका कंपोज फाइलवरून सगळं परत उभं राहतं. पण डेटाबेस कंटेनरमध्ये ठेवायचा तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. आम्हाला त्या एकेक करून, अडचण आल्यावर कळल्या. तुमच्याकडे पतसंस्था, दवाखाना, शाळा असं काही असेल आणि कुणी असाच डेटाबेस बसवून दिला असेल, तर पुढचं वाचून आपलं आपलं तपासून घ्या.

पहिली अडचण सर्वात मोठी होती. संगणक फार हळू चालायला लागला म्हणून ग्रंथपाल ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. टेबलावर काचेखाली एक कागद होता. प्रोग्रॅम अडला तर काय करायचं ते त्यावर लिहिलेलं होतं. आधी ‘डॉकर कंपोज डाउन’, मग ‘डॉकर कंपोज अप’. त्यानं ते केलं. प्रोग्रॅम सुरू झाला. थोड्या वेळानं ताईंचा फोन आला.

“मॅडम, सभासदांच्या यादीत एकही नाव दिसत नाही. पुस्तकंही नाहीत. सगळं कोरं आहे.”

मी दुरुस्तीवाल्याला फोन द्यायला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, डिस्क जवळजवळ भरलीय. डॉकरचा न वापरलेला बराच साठा दिसतोय. तो काढून टाकू का? मग कदाचित नीट चालेल.”

मी त्याला म्हटलं, “काहीही काढू नका. फक्त दोन्ही कंटेनर थांबवा. मी येते.”

तो ऐकून थांबला म्हणून आमच्या नोंदी वाचल्या. तो साठा काढायचा आदेश व्हॉल्यूमसकट दिला असता, तर वाचनालयाची सगळी वर्षं त्यात गेली असती. हे मला तिथे पोचल्यावर समजलं, आणि समजल्यावर मी काही वेळ नुसती बसून होते.

झालं होतं असं. कंटेनर म्हणजे भाड्याची खोली समजा. खोली सोडली की भिंतीवर लिहिलेलं तिथंच राहतं. आपलं सामान आपल्या ट्रंकेत हवं. डॉकरमध्ये ही ट्रंक म्हणजे व्हॉल्यूम. आमच्या फाइलमध्ये एक नाव दिलेला व्हॉल्यूम होता. तो ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’ या जागी जोडलेला होता. पण पोस्टग्रेसची अधिकृत इमेज आवृत्ती १७ पर्यंत डेटा ठेवते तो एक पायरी आत, ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’ इथे. त्या जागेसाठी आपण काही जोडलं नाही, तर इमेज स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम तयार करते. आमच्या सगळ्या नोंदी त्या बिननावाच्या व्हॉल्यूममध्ये जात होत्या. नाव दिलेला व्हॉल्यूम पहिल्या दिवसापासून रिकामा होता.

एरवी हे लक्षात येत नाही. संगणक बंद करून चालू केला तरी कंटेनर तोच राहतो, व्हॉल्यूमही तोच. ‘डाउन’ केलं की मात्र कंटेनर पुसला जातो. बिननावाचा व्हॉल्यूम डिस्कवर पडून राहतो, पण त्याचा कुणाशी संबंध उरत नाही. मग ‘अप’ केलं की नवा कंटेनर येतो, त्याच्यासाठी नवा बिननावाचा व्हॉल्यूम येतो, आणि त्यात कोरा डेटाबेस तयार होतो. प्रोग्रॅमनं त्यात मुकाट्यानं रिकामी कोष्टकं मांडून ठेवली.

मी व्हॉल्यूमची यादी काढली. त्यात अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब नावं होती. प्रत्येकाची तयार झाल्याची तारीख आणि आकार पाहिला. एक जुना होता आणि बाकीच्यांपेक्षा खूप मोठा. त्यात ‘पीजी व्हर्जन’ नावाची फाइल आणि ‘बेस’ नावाचं फोल्डर होतं. ते पोस्टग्रेसचंच घर. मग नवा, नाव दिलेला व्हॉल्यूम केला. एका तात्पुरत्या कंटेनरला दोन्ही व्हॉल्यूम जोडले आणि मालकी व परवानग्या जशाच्या तशा ठेवून सगळं नव्यात उतरवलं. मूळ व्हॉल्यूमला हात लावला नाही. फाइलमध्ये जागा दुरुस्त केली आणि डेटाबेस सुरू केला.

ताईंनी आदल्या संध्याकाळी शेवटचं पुस्तक कुणी परत केलं ते त्यांच्या कच्च्या वहीत पाहिलं. तीच नोंद पडद्यावर होती. त्यांनी मला चहा पाजला. त्या चहाची चव माझ्या लक्षात नाही, इतकी मी थकले होते.

काचेखालचा कागद आम्ही बदलला. ‘डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ लिहिलं. खाली लाल शाईनं लिहिलं: ‘डाउन’पुढे ‘व्ही’ हे अक्षर कधीही लावू नये, ‘प्रून’ हा शब्द असलेला कुठलाही आदेश देऊ नये. ‘डाउन’ला ‘व्ही’ जोडलं की त्या फाइलमधले नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. तेव्हा नुसतं नाव दिलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर सोपं आहे. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ करून त्या कंटेनरला कुठला व्हॉल्यूम कुठल्या जागी जोडलाय ते पाहा. डेटाच्या जागेसमोर लांबलचक आकडी नाव दिसलं, तर आजच दुरुस्त करा.

त्याच वेळी पासवर्डकडे लक्ष गेलं. तो अगदी सोपा होता. मी फाइलमध्ये नवा लिहिला आणि कंटेनर पुन्हा उभा केला. प्रोग्रॅम आत जाईना. जुन्या पासवर्डनं मात्र जाता येत होतं. कारण असं की फाइलमधला पासवर्ड, डेटाबेसचं नाव, वापरकर्त्याचं नाव हे सगळं पोस्टग्रेसची इमेज फक्त एकदाच वाचते, डेटाची जागा रिकामी असताना. नंतर फाइलमध्ये काहीही लिहा, डेटाबेसच्या आत फरक पडत नाही. सुरुवातीला चालवायच्या एसक्यूएल फाइली एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायची सोय आहे, तिलाही हाच नियम. पासवर्ड बदलायचा तर डेटाबेसमध्ये शिरून ‘ऑल्टर रोल’नंच बदलावा लागतो, आणि मग फाइलमध्येही तोच लिहावा लागतो.

पासवर्डवरून पुढचा प्रश्न आला. या डेटाबेसपर्यंत पोचू कोण शकतं? आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. त्यांना वाय-फाय दिलेला आहे. डेस्कटॉपही त्याच जाळ्यावर आहे. संगणकावर उबुंटूची फायरवॉल चालू होती, म्हणून मला वाटलं काळजी नाही. तरी एकदा अभ्यासिकेत बसून माझ्या लॅपटॉपवरून ५४३२ हा पोर्ट तपासला. तो सरळ उघडा होता.

डॉकर पोर्ट बाहेर काढतो तेव्हा तो आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितो. उबुंटूच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टला मनाई असली तरी डॉकरकडे येणारी वाहतूक त्या मनाईपर्यंत पोचतच नाही. फाइलमध्ये नुसतं ‘५४३२:५४३२’ लिहिलं की तो पोर्ट संगणकाच्या सगळ्या पत्त्यांवर खुला होतो. आमच्या मुलांवर माझा अविश्वास नाही. पण सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते त्यात आहेत, आणि ते सांभाळणं हे वाचनालयाचं काम आहे. शिवाय वाय-फायवर कुणाचा कुठला फोन काय घेऊन येईल ते सांगता येत नाही.

उपाय सोपा निघाला. दोन्ही कंटेनर एकाच कंपोज फाइलमध्ये असतील, तर ते डॉकरच्या आतल्या जाळ्यावर एकमेकांना नावानं हाक मारू शकतात. डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढायची गरजच नव्हती. ती ओळ काढून टाकली. त्याच संगणकावरून एखाद्या साधनानं डेटाबेस पाहायचा असेल, तर पोर्टच्या आधी ‘१२७.०.०.१’ लिहावं. मग तो फक्त त्या संगणकापुरता उघडतो. बदल केल्यावर पुन्हा अभ्यासिकेतून तपासलं. बंद होता.

यानंतर बॅकअप. तो रोज रात्री आपोआप निघतो असं सगळेच म्हणत होते. पेनड्राइव्हवर रोजच्या तारखेच्या फाइली दिसतही होत्या. व्हॉल्यूमचा प्रकार झाल्यावर माझा नुसत्या दिसण्यावर भरवसा राहिला नव्हता. फाइलींचा आकार पाहिला. शून्य. रात्री आपोआप निघालेल्या सगळ्या शून्य बाइटच्या.

रात्रीच्या आदेशात ‘डॉकर एक्झेक’पुढे ‘आय’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरं होती. आपण समोर बसून आदेश देतो तेव्हा ती चालतात. क्रॉन मध्यरात्री आदेश देतो तेव्हा समोर टर्मिनल नसतं, म्हणून आदेश लगेच नाकारला जातो. पण फाइल त्याआधीच तयार झालेली असते. म्हणून तारीख बरोबर आणि आत काही नाही.

काही फाइली मोठ्या होत्या. त्या हातानं काढलेल्या होत्या. मला हायसं वाटलं. मग त्यातली एक माझ्या लॅपटॉपवरच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून पाहिली. ‘पीजी रिस्टोअर’नं ती घेतली नाही. दोष त्याच ‘टी’ अक्षराचा होता. ते लावलं की मधे टर्मिनल येतं आणि ते ओळीच्या शेवटच्या खुणेत एक जादा खूण घालतं. साध्या मजकुरात ते खपून जातं. पोस्टग्रेसचा दाबून लहान केलेला बॅकअप मात्र त्यानं खराब होतो. म्हणजे त्या पेनड्राइव्हवरची एकही फाइल कामाची नव्हती. व्हॉल्यूम पुसला गेला असता तर आमच्या हातात काय उरलं असतं, हा विचार त्या रात्री बराच वेळ डोक्यात होता.

‘आय’ आणि ‘टी’ दोन्ही काढले. ‘पीजी डंप’ आता नीट निघतो. आदेशानंतर फाइलचा आकार तपासणारी एक ओळ टाकली. आकार फारच लहान असेल तर ताईंच्या पडद्यावर सूचना येते. पेनड्राइव्ह दोन केले. एक ताईंच्या घरी, एक कार्यवाह सरांच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेटाबेस चालू असताना व्हॉल्यूममधल्या फाइलींची सरळ कॉपी काढली तर तो बॅकअप होत नाही, कारण कॉपी होईपर्यंत आतल्या फाइली बदलत असतात. ‘पीजी डंप’ चालू डेटाबेसचाही एका क्षणाचा सुसंगत उतारा देतो.

मग अभ्यासिकेतून तक्रार आली. परीक्षा जवळ आल्या की मुलं पहाटे पाचला येतात. अभ्यासिकेला दारातल्या टॅबवर हजेरी लावायची पद्धत आहे. एका मुलीनं ताईंना दाखवलं की ती रोज येते, तरी तिच्या हजेरीत एका दिवशी दोन नोंदी आहेत आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. ताईंनी आणखी काही मुलांच्या नोंदी पाहिल्या. जे साडेपाचच्या आत आले, त्यांची हजेरी आदल्या दिवशी लागली होती.

साडेपाच म्हटल्यावर कारण कळलं. कंटेनरमधलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत डेटाबेसच्या लेखी आदलाच दिवस असतो. वाचनालय आठला उघडतं, म्हणून देवघेवीत हे कधी दिसलं नव्हतं.

मी आधी कंटेनरला वेळेचा विभाग सांगणारी ओळ जोडली. फरक पडला नाही. पोस्टग्रेस आपला विभाग पहिल्या मांडणीच्या वेळीच स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि नंतर तोच पाळतो. म्हणून डेटाबेसमध्ये शिरून ‘ऑल्टर सिस्टिम’नं ‘टाइमझोन’ला ‘एशिया/कोलकाता’ हे मूल्य दिलं आणि सेटिंग पुन्हा वाचायला लावलं. जिथे वेळ विभागासकट साठवली होती, तिथल्या जुन्या नोंदी आपोआप बरोबर दिसू लागल्या. हजेरीचा रकाना नुसत्या तारखेचा होता. त्या तारखा दुरुस्त कराव्या लागल्या. त्या मुलीचं म्हणणं खरं निघालं, आणि आधी तिच्यावरच शंका घेतली गेली होती याचं ताईंना वाईट वाटलं. त्यांनी तिला बोलावून तसं सांगितलं.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी जुनी झाली होती. एका दुपारी लाइट गेली आणि संगणकही क्षणात बंद पडला. लाइट आल्यावर डेटाबेसच्या लॉगमध्ये लिहून आलं की मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, आपोआप दुरुस्ती सुरू आहे. काही सेकंदांत तो उभा राहिला. पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी एका नोंदीच्या फाइलमध्ये लिहितो, मग मुख्य फाइलीत. म्हणून मधेच लाइट गेली तरी त्या नोंदीवरून तो परत जागेवर येतो.

पण हे केव्हा? ती नोंद खरोखर डिस्कवर उतरली असेल तर. मी सेटिंग पाहिलं. ‘एफसिंक’ बंद होतं. पहिल्यांदा वह्यांतल्या नोंदी हजारोंनी भरताना वेग यावा म्हणून ते बंद केलं असणार आणि तसंच राहिलं. ते बंद असताना लाइट गेली आणि डेटाबेस तरीही उठला, ही नशिबाची गोष्ट होती. त्यावर पुन्हा विसंबायचं नाही म्हणून लगेच चालू केलं. वाचनालयाच्या कामात वेगाचा काही फरक जाणवला नाही. तुमच्याकडे ‘शो एफसिंक’ हा आदेश देऊन पाहा. उत्तर ‘ऑन’च यायला हवं.

त्या दिवशी डेटाबेस उठला, पण प्रोग्रॅम उठला नाही. डेटाबेसची दुरुस्ती संपायच्या आत तो सुरू झाला, त्याला दार बंद दिसलं आणि तो थांबला. कंपोज फाइलमध्ये एकानं दुसऱ्याची वाट पाहायची सोय आहे. पण ती आपण ‘अप’ करतो तेव्हा लागू पडते. संगणक नव्यानं सुरू होताना डॉकर स्वतः कंटेनर उठवतो, तेव्हा तो क्रम पाळला जात नाही. म्हणून दोन्ही कंटेनरना ‘अनलेस स्टॉप्ड’ हे धोरण लावलं. प्रोग्रॅम पडला तर पुन्हा उठतो, डेटाबेस तयार होईपर्यंत प्रयत्न करत राहतो. डेटाबेसला बंद व्हायला डॉकर एरवी दहा सेकंद देतो आणि मग जबरदस्तीनं थांबवतो. ती मुदत एक मिनिटावर नेली. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. सगळ्यात जास्त खर्च तिलाच आला.

मार्च संपला की जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला वार्षिक अहवाल द्यायचा असतो. वर्षभरात किती पुस्तकं दाखल झाली, किती देवघेव झाली, सभासद किती. त्या अहवालाचा आदेश दिला की चूक यायची: सामायिक मेमरीचा तुकडा वाढवता आला नाही, जागा शिल्लक नाही. ताईंनी डिस्क पाहिली. डिस्कवर भरपूर जागा होती.

ही जागा डिस्कवरची नव्हेच. मोठ्या हिशेबासाठी पोस्टग्रेस एकाच वेळी अनेक कामगार लावतो आणि ते सामायिक मेमरीतून एकमेकांशी देवाणघेवाण करतात. डॉकर कंटेनरला त्यासाठी एरवी फक्त ६४ एमबी देतो. आमच्याकडे ‘वर्क मेम’ हे सेटिंगही मुळातल्या ४ एमबीवरून बरंच वाढवून ठेवलेलं होतं. त्यामुळे देवघेवीच्या सगळ्या वर्षांची कोष्टकं जोडताना ती ६४ एमबी पुरेना. कंपोज फाइलमध्ये ‘एसएचएम साइझ’ २५६ एमबी केली आणि ‘वर्क मेम’ खाली आणली. ‘शेअर्ड बफर्स’ मुळात १२८ एमबी असतात. साधारण एक चतुर्थांश रॅम द्यावी असा संकेत आहे, म्हणून ते एक जीबी केले. अहवाल निघाला. चार जीबीच्या संगणकावर यापेक्षा जास्त द्यायचा मोह टाळावा, कारण प्रोग्रॅम आणि ब्राउझरलाही जागा लागते.

शेवटची मोठी गोष्ट आवृत्तीची. २०२४ च्या दिवाळीनंतर प्रोग्रॅममध्ये छोटी सुधारणा आली, म्हणून नव्या इमेज खाली उतरवल्या. डेटाबेस सुरू होईना. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: ही डेटाची जागा आवृत्ती १६ नं तयार केली आहे, ती १७ शी जुळत नाही. आमच्या फाइलमध्ये इमेजचं नाव नुसतं ‘पोस्टग्रेस अल्पाइन’ असं होतं, आकडा नव्हता. आकडा नसला की त्या दिवशी जी सर्वात नवी असेल ती येते. पोस्टग्रेस १७ सप्टेंबर २०२४ मध्ये आलं होतं.

घाबरायचं कारण नव्हतं. पोस्टग्रेसनं जुन्या फाइलींना हात लावला नव्हता, फक्त सुरू व्हायला नकार दिला होता. नावापुढे १६ लिहिलं आणि सगळं पूर्ववत झालं. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. १६ ला नोव्हेंबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे घाई नव्हती. तरी सुट्टी पाहून १७ वर जायचं ठरवलं, कारण त्यात आणखी एक जुनी तक्रार मिटवायची होती.

कार्यवाह सर दरवर्षी सर्वसाधारण सभेआधी सभासदांची यादी छापून घेतात. ते म्हणायचे, “मॅडम, यात काळे हे कावळे आणि काशीद यांच्या आधी येतात. आपल्याकडे ळ शेवटी. मी दरवेळी हातानं क्रम लावतो.”

त्यांचं बरोबर होतं. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे बसवलेलं आहे, आणि व, श त्याच्या नंतर. मराठी वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. अल्पाइनच्या इमेजमध्ये डेटाबेस नुसत्या अक्षरांच्या आकड्यांवरून क्रम लावत होता. पोस्टग्रेसला आयसीयू नावाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतून प्रत्येक भाषेचा क्रम घेता येतो, आणि त्यात मराठी आहे. नवा डेटाबेस मांडताना क्रमासाठी आयसीयू आणि भाषा मराठी असं सांगितलं की झालं. आवृत्ती १५ पासून पूर्ण डेटाबेसलाच हा क्रम लावता येतो.

म्हणून आम्ही असं केलं. १६ मधून पूर्ण उतारा काढला. तो लॅपटॉपवर भरून तपासला. मग नवा व्हॉल्यूम, १७ ची डेबियनवरची इमेज, मराठी क्रम, आणि त्यात तो उतारा भरला. जुना व्हॉल्यूम तसाच ठेवला. अल्पाइनवरून डेबियनवर जायचं तर जुना व्हॉल्यूम सरळ नव्या इमेजला जोडू नये. आवृत्ती तीच असेल तर डेटाबेस तक्रार न करता सुरू होऊ शकतो. पण दोन्हीकडे मजकुराचा क्रम लावायची पद्धत वेगळी असल्यानं जुने इंडेक्स चुकीचे ठरतात, आणि असलेली नोंद शोधूनही सापडत नाही. उतारा काढून भरला की इंडेक्स नव्यानं बांधले जातात.

सरांना नवी यादी दिली. त्यांनी चष्मा लावून क चं पान काढलं आणि बोट फिरवत खाली आले. कावळे, काशीद, काळे. ते म्हणाले, “आता बरोबर.” या सगळ्या खटपटीत मला सर्वात जास्त आनंद त्या दोन शब्दांनी झाला.

१८ वर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या आवृत्तीपासून अधिकृत इमेजनं डेटाची जागा बदलली आहे. आता व्हॉल्यूम ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’ इथे जोडायचा, आणि आत आवृत्तीच्या आकड्याचं फोल्डर आपोआप तयार होतं. म्हणजे आमच्या फाइलमध्ये आधी जी जागा घातक ठरली, तीच १८ साठी योग्य आहे. इंटरनेटवरून किंवा कुणाकडून फाइल घ्याल तेव्हा ती कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली आहे ते आधी पाहा.

आता आमच्याकडे फाइलमध्ये इमेजपुढे आकडा असतो, डेटाच्या जागी नाव दिलेला व्हॉल्यूम असतो, पोर्ट बाहेर नसतो. कंटेनरच्या लॉगला कमाल आकार ठरवून दिला आहे, कारण डॉकरचा लॉग एरवी थांबत नाही आणि डिस्क भरत जाते. दुरुस्तीवाल्याला त्या दिवशी जी डिस्क भरलेली दिसली होती, तिच्यात या लॉगचाही वाटा होता.

सगळ्यात उपयोगी बदल मात्र फाइलमधला नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताई एक पेनड्राइव्ह घेतात, जुन्या लॅपटॉपवर कोरा डेटाबेस उभा करतात आणि ताजा बॅकअप त्यात भरतात. मग देवघेवीची शेवटची नोंद कच्च्या वहीशी ताडून पाहतात आणि वहीत तारीख घालून सही करतात. पहिल्या वेळी मी शेजारी बसले होते. आता मी नसले तरी चालतं. डेटाबेस कुणी बसवला, तो कसा चालतो, हे ताईंना माहीत नसलं तरी तो परत कसा उभा करायचा हे त्यांना येतं. तुमच्या संस्थेत हे काम कोण करतं, ते आधी ठरवा. बाकीच्या सेटिंगकडे त्यानंतर वळा.